बिनतुपाची मुरड

लेखापरीक्षेच्या खात्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना आक्षेप घेण्याची सवय कशी जडते, हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना अनुभवाने ठाऊक असेल. काहींना टेबलाच्या या बाजूने, काहींना त्या बाजूने. आक्षेप घ्यावयाचा, तो कागदावर नोंदवावयाचा, समोरच्याकडून खुलासा मागवावयाचा आणि खुलासा आला की तो समाधानकारक नसल्याचे कळवावयाचे, हा आमचा तीस वर्षांचा उद्योग. संध्याकाळी कपाटाला कुलूप घालताना ही सवयही त्यात बंद करून येता आली असती तर फार बरे झाले असते. गेल्या वर्षीच्या कोजागिरीला ती आमच्याबरोबर घरी आली, आणि चारचौघांत आम्ही आमच्या कन्येवर आक्षेप घेतला.

शिमल्यास मराठी घरे बोटांवर मोजण्याइतकी. कोजागिरीला ती सारी एका घरी जमतात, आणि त्या वर्षी पाळी आमची होती. घरापुढच्या सपाटीवर सतरंज्या अंथरल्या होत्या. सौभाग्यवतींनी पाच लिटर दूध आटवून त्यात बदाम, पिस्ते, केशर, वेलदोडा आणि जायफळ अशी सगळी सामग्री सढळ हाताने घातली होती. देवदारांच्या शेंड्यांवरून चंद्र वर सरकला, पातेल्यात त्याचे प्रतिबिंब पाहण्याचा विधी झाला, आणि आमच्या मातोश्रींनी आपल्या हाताने एकेकाला पेला देण्यास आरंभ केला. बंगळूरहून रजा काढून आलेली कन्या शेवटी बसली होती. आजीने पुढे केलेला पेला तिने दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि न पिता हळूच बाजूला ठेवला. तिने दूध, दही, लोणी, तूप सारे सोडून दोन वर्षे झाली होती. घरात हे ठाऊक होते. पण ठाऊक असणे निराळे आणि पाहुण्यांदेखत दिसणे निराळे.

"आजीच्या हातचं दूध बाजूला ठेवणारी मुलगी आमच्या घरात जन्माला आली कशी, देव जाणे!" आम्ही म्हणालो. विनोदाच्या सुरात म्हणालो, असे आम्ही नंतर पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. परंतु कोणी हसले नाही. कन्या काही बोलली नाही. ती उठली, रिकामे पेले गोळा करू लागली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने, दोन दिवसांची रजा शिल्लक असताना, निघून गेली. त्या दिवाळीला ती आली नाही. आजीशी आणि आईशी तिचे बोलणे दर रविवारी होत असे; आम्ही शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत असू. वर्तमानपत्र इतके बारकाईने आम्ही आयुष्यात कधी वाचले नव्हते.

वस्तुतः दूध सोडणे ही काही नवी टूम नव्हे, हे आम्ही जाणत होतो. महात्माजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले. पुढे मरणप्राय आजारातून उठण्यासाठी कस्तुरबांच्या आग्रहाने त्यांनी शेळीचे दूध घेतले, आणि व्रताची अक्षरे राखली पण आत्मा राखला नाही याची रुखरुख त्यांना कायमची राहिली. हे आम्ही विद्यार्थिदशेत वाचले होते आणि भारावून गेलो होतो. इंग्लंडात १९४४ मध्ये अशाच विचाराच्या मंडळींनी आपली संस्था काढली आणि इंग्रजीतल्या शाकाहारी या अर्थाच्या शब्दाची आद्य व अंत्य अक्षरे घेऊन 'व्हीगन' हा शब्द घडविला, ही माहितीही आम्ही मिळविली. कन्येच्या बाजूचा पुरावा म्हणून नव्हे, तिला उत्तर देण्यासाठी. दुधाच्या धंद्यात जन्मलेल्या नर वासराचे पुढे काय होते, असे तिने एकदा आम्हांला विचारले होते. त्याचा खुलासा आमच्याजवळ नव्हता. ज्या गोष्टीसाठी महात्माजींपुढे हात जोडावयाचे, तीच आपल्या पोरीने केली की डोळे वटारावयाचे, ही विसंगती एखाद्या कचेरीच्या हिशेबात आम्हांला सापडली असती तर आम्ही तिच्यावर दोन पाने लिहिली असती.

यंदा भाद्रपद संपता संपता सौभाग्यवतींनी वार्ता दिली : कन्या कोजागिरीला येत आहे, चार दिवसांसाठी. ती देताना त्यांनी एवढेच सांगितले की, या खेपेस तिच्यासाठी जे काही करावयाचे ते त्या करणार नाहीत. "तुम्ही बोललात, तुम्हीच करा." बदलीच्या हुकुमात जशी कारणे दिलेली नसतात, तशी याही हुकुमात नव्हती.

आम्ही पाय करण्याचे ठरविले. पाय म्हणजे सफरचंदाचा 'ॲपल पाय', हे लगेच स्पष्ट केलेले बरे. मातोश्रींनी "पाय? कुणाचा पाय?" असे विचारून तीन दिवस घरातल्यांची करमणूक केली. आमच्या निवडीत थोडा धूर्तपणाही होता. आपला कोणताही गोड पदार्थ घ्या. त्यातून तूप काढले की तुपाची रिकामी जागा पानात दिसते. पुरणपोळीवर तूप नसले की ते नसणेच आधी नजरेस येते. पण परदेशी पदार्थात काय नाही हे आमच्या घरात कोणाला कळणार होते? शिवाय सफरचंदांची पेटी दारात येऊन पडली होती. आमचे शेजारी कोटगढचे. दर शरदात त्यांच्या बागेतून एक पेटी आमच्याकडे येते.

या कोटगढची कथा शिमल्याकडे बदली झालेल्या प्रत्येकाच्या कानी पडते. फिलाडेल्फियाचा सॅम्युअल इव्हान्स स्टोक्स हा तरुण १९०४ मध्ये सबाथूच्या कुष्ठरोग्यांची सेवा करण्यासाठी आला आणि कोटगढला राहिला. तिथेच त्याने संसार थाटला, १९१६ च्या सुमारास अमेरिकेहून रेड डेलिशस जातीची कलमे आणून लावली, १९२१ साली स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगवास पत्करला, १९३२ मध्ये हिंदू होऊन सत्यानंद हे नाव घेतले, आणि १९४६ मध्ये मृत्यू आला तोवर तो इथलाच झाला होता. बदलीसाठी अर्ज न करता परमुलखात जन्म काढणारा माणूस पाहिला की आम्हां नोकरदारांना उगीचच ओशाळल्यासारखे होते. फळ अमेरिकेचे या डोंगरांत रुजलेच आहे, तेव्हा त्याची पारीही आपण करून पाहावी, असा आमचा विचार.

पारी हा शब्द आम्ही आता सहज वापरला, पण त्या वेळी तो आम्हांला सुचला नव्हता. आम्ही पुस्तके पाहिली. पायाची खरी परीक्षा फळात नसते, वरच्या वेष्टनात असते, यावर सर्वांचे एकमत. आणि त्या वेष्टनाला लोणी हवे, तेही गार, असे बहुतेकांचे म्हणणे. मात्र थोडे मागे गेल्यावर निराळाच मजकूर हाती लागला. जुन्या अमेरिकन घरांत या कामी डुकराची चरबी सर्रास वापरीत. १९११ साली सरकीच्या तेलापासून केलेला घट्ट स्निग्धांश तिथल्या बाजारात आला, आणि दुधाच्या थेंबाशिवाय केलेला पाय तेव्हापासून घरोघर होतो आहे. आपल्याकडे १९३७ साली आलेला डालडा हा त्याचाच भाऊबंद. म्हणजे लोण्याविना पारी ही काही कन्येच्या पिढीने काढलेली खूळ नव्हे. डालडा आणावा काय, असे क्षणभर मनात आले. त्या घट्टपणाबरोबर जी अपायकारक चरबी येत असे तिच्यावर सरकारने २०२२ च्या आरंभापासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे हे खरे, परंतु लहानपणी लग्नाच्या पंगतीत टाळूला चिकटलेला तो लेप आम्ही विसरलो नाही. आम्ही तेल घेतले.

पहिला प्रयोग शेंगदाण्याच्या तेलाचा. पीठ छान खुसखुशीत झाले, शंकरपाळ्यासारखे. पण पायाच्या पारीत जे पदर सुटावयास हवेत त्यांचा पत्ता नव्हता, आणि सुरी लावताच तिचा भुगा झाला. कारण उघड आहे. पातळ तेल पिठाच्या कणाकणाला माखून बसते. पदर सुटण्यासाठी स्निग्धांश घट्ट राहून पिठाच्या दोन थरांमध्ये पडद्यासारखा उभा राहावा लागतो. भट्टीत तो वितळतो, पाण्याची वाफ होते, ती थर उचलते, आणि पदर वेगळे होतात.

तेव्हा घट्ट तेल हवे, म्हणून लोअर बाजारातून खोबरेल आणले. पुस्तकात 'गार' असे लिहिले होते; हुकुमाचे अक्षरशः पालन करण्याची आम्हांला सवय; आम्ही ते रात्रभर शीतकपाटात ठेवले. सकाळी बरणीत चमचा वाकला. शेवटी सुरीने तासून तुकडे पिठात घातले, ते लाटण्याखाली खड्यांसारखे कुरकुरले, कडा फाटल्या, आणि भाजताना जिथे खडा होता तिथे भोक पडून फळाचा रस खाली गेला. हा पाय आम्ही निवावयास खिडकीत ठेवला असता जाखूकडच्या वानरांपैकी एकाने तो उचलला. त्याने समोरच्या भिंतीवर बसून एक घास घेतला, आमच्याकडे पाहिले, आणि उरलेला भाग जपून खाली ठेवून दिला. असा खुलासा आम्हांला कोणत्याही कचेरीकडून मिळाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही परातीपुढे बसलो असता मातोश्री भिंत धरीत स्वयंपाकघरात आल्या. वय ८४, गुडघ्यांमुळे त्या अलीकडे फारशा या बाजूला येत नाहीत. त्यांनी परातीत पाहिले, बोटाने खोबरेल चाचपले आणि विचारले, "हे काय करतोयस?"

"स्निग्धांश पिठात मिसळतोय."

"मोहन म्हण की! आणि हे असं दगडासारखं का?"

बरणी शीतकपाटात ठेवल्याचे ऐकून त्या हसल्या. ती बाहेर, ओट्यावरच ठेवावयास त्यांनी सांगितले. खोबरेल साधारण २४ अंशांवर वितळते. आमच्या स्वयंपाकघरात त्या सकाळी १६ अंश होते. तासाभरात बरणीतले तेल पांढरे, मऊ, बोट रुतेल पण ओघळणार नाही असे झाले; हुबेहूब ताज्या लोण्यासारखे. मातोश्रींनी त्याचा गोळा तळहातावर घेतला आणि त्या बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"आमच्याकडे हे असं कधी झालंच नाही," त्या म्हणाल्या.

मातोश्रींचे माहेर वेंगुर्ल्याकडचे, दक्षिण कोकणातले. तिथली हवा अशी की खोबरेल बहुतेक पातळच असावयाचे. आणि मग, परातीतले पीठ सारखे करता करता, त्यांनी जे सांगितले ते आम्ही ५७ व्या वर्षी प्रथम ऐकले. त्यांच्या माहेरी एक म्हैस होती. दूध वरव्याला जाई, तूप विकले जाई. घरात जे थोडे राही ते निरांजनाला आणि नैवेद्याच्या मुदीवर. मुलांच्या पानात तूप पडे ते नैवेद्याच्या ताटातले, ज्याची पाळी असेल त्याला. दिवाळीच्या करंज्या खोबरेलाच्या मोहनाच्या आणि खोबरेलात तळलेल्या. सारण ओल्या खोबऱ्याचे आणि गुळाचे. त्यात दूध-तुपाचा थेंब नाही. "पण खुसखुशीत व्हायच्या. पदर मात्र सुटायचे नाहीत. खोताच्या घरच्या करंज्यांना पदर असायचे, तुपाचा साटा लावीत ना ते! मी आईला विचारायची, आपल्याला का नाही सुटत? ती म्हणायची, आपलं तेल थांबत नाही गं एका जागी."

आम्ही ऐकत होतो. आमच्या घरचे तूप, आमच्या घरची चाल, असे आम्ही ज्याला म्हणत आलो, दिल्लीपासून भोपाळपर्यंत प्रत्येक बदलीच्या सामानात ज्याचा डबा सर्वांत शेवटी बांधून सर्वांत आधी सोडला, ती चाल आमच्यापासूनच सुरू झालेली होती. वडिलांना नोकरी लागल्यावर मातोश्रींनी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर मुलांच्या पानात रोज तूप वाढण्याची. आम्ही ते परंपरा म्हणून खाल्ले.

"आई," आम्ही विचारले, "गेल्या कोजागिरीला तिनं पेला ठेवला, तेव्हा तुला वाईट वाटलं होतं ना?"

मातोश्रींनी थोडा विचार केला. "वाटलं थोडं. पण मला तूप हवं होतं म्हणून मी आणलं. तिला नको म्हणून ती घेत नाही. कपाळाला लावून ठेवलान् पेला पोरीनं. रागावलास तो तू." मग पुन्हा पिठाकडे वळून म्हणाल्या, "माझं नाव घेऊन रागावलास."

त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही निमूटपणे जायफळ किसू लागलो.

आता कृती सांगतो, कारण बाहेरगावी राहणाऱ्या अनेक घरांतून अशी कन्या किंवा असा चिरंजीव असेल. पीठ ३५० ग्रॅम. त्यात दोन वाटे मैदा आणि एक वाटा कणीक. नुसत्या मैद्याची पारी दिसते सुरेख पण चवीला मुकी. मसाला फळात घालतात तसा थोडा घालावा, पण खरा घालावयाचा तो पिठात : पाव जायफळ किसून, अर्धा चमचा वेलदोड्याची पूड, अर्धा चमचा सुंठ, एक चमचा दालचिनी आणि दोन लवंगा खलबत्त्यात कुटून. मीठ चिमूटभर, पिठीसाखर एक मोठा चमचा. जाणकार वाचकांच्या लक्षात आले असेल की जायफळ आणि वेलदोडा हे कोजागिरीच्या दुधातले आहेत. आम्ही ते मुद्दाम घेतले. मसाल्याचा सुगंध स्निग्धांशात उतरतो. दुधात तो सायीने धरून ठेवलेला असतो, इथे ते काम खोबरेलाने करावयाचे.

खोबरेल १६० ग्रॅम. त्यातले १२० पिठात बोटांच्या टोकांनी चोळावयाचे, तळहाताने नव्हे, कारण तळव्याच्या उबेने ते विरघळते. मुठीत दाबले की मुटका वळला पाहिजे आणि बोटाने टिचकी मारताच फुटला पाहिजे, ही मातोश्रींची कसोटी. पाणी बर्फाचे, सात-आठ मोठे चमचे, बेताबेताने. लोण्यात मुळातच पाण्याचा अंश असतो, खोबरेलात तो नाही, म्हणून पुस्तकात लोण्यासाठी दिलेल्या मापापेक्षा पाणी थोडे अधिक लागते. हे आम्हांला दोन पाय बिघडल्यावर कळले. पीठ मळावयाचे नाही, नुसते गोळा करावयाचे. मळले की ते चिवट होते आणि भाजताना आखडते.

उरलेल्या ४० ग्रॅम खोबरेलात मातोश्रींनी दोन चमचे तांदळाची पिठी घालून ते फेसले आणि साटा केला. पोळी लाटून तीवर तो लावला, घडीवर घडी घातली, अर्धा तास गार जागी ठेवली, पुन्हा लाटली. साटा फेसताना त्या मध्येच थांबत आणि हात उलटा करून पाहत. तो हातावर थांबत होता. म्हातारपणी हात गार पडतात. त्याचा उपयोग पायाच्या पिठाला होतो असे कोणत्याही पुस्तकाने आम्हांला सांगितले नव्हते.

फळाविषयी फार सांगण्यासारखे नाही. रेड डेलिशस खाण्यास गोड, पण शिजली की भुसभुशीत होते. पेटीतली पिवळी गोल्डन निवडून घ्यावी. फोडी, गूळ, लिंबाचा रस, थोडी दालचिनी. पाणी आटेपर्यंत परतून पूर्ण निववावे. ऊन सारण भरले की साऱ्या साट्याचे पाणी होते.

तळाला एक पारी, वर सारण, त्यावर दुसरी पारी. पुस्तकात काट्याने कडा दाबण्यास सांगितले होते. आम्ही काटा उचलला तोच मातोश्रींनी तो काढून घेतला. ताटाभोवती हात फिरवीत, अंगठा आणि तर्जनी यांनी कडेची चिमूट उचलून आत दुमडीत, त्यांनी सबंध वर्तुळाला मुरड घातली. आमच्या लहानपणी त्या मुरडीचे कानवले करीत, तशीच बारीक आणि सारखी. गौरींच्या पाठवणीला आणि माणूस गावाला निघताना मुरडीचा कानवला करण्याची आपल्याकडे चाल आहे. गेलेले मुरडून परत यावे म्हणून. मातोश्रींनी त्याचा उच्चारही केला नाही. त्यांना बहुधा नुसती काट्याची कड ओबडधोबड दिसली असावी. आम्ही मात्र ते पाहत उभे राहिलो.

भट्टी २०० अंशांवर वीस मिनिटे, मग १८० वर सुमारे पस्तीस. पहिल्या दहा मिनिटांतच जायफळाचा वास बाहेर आला, आणि आठवडाभर स्वयंपाकघराकडे न फिरकलेल्या सौभाग्यवती दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या काही बोलल्या नाहीत. पण संध्याकाळी त्यांनी गेल्या वर्षी वापरलेले पेले काढून पुसून ठेवले, आणि दुधाचे पातेले नेहमीपेक्षा लहान घेतले. तो पाय सरावाचा होता. कोजागिरीच्या दिवशी तसाच दुसरा केला.

कन्या दुपारी आली. आमच्या पाया पडली, प्रवासाची चौकशी झाली, हवेविषयी बोलणे झाले. माफीचे एक वाक्य आम्ही तयार करून ठेवले होते. पण ते आठवू लागलो की 'उपर्युक्त विषयास अनुसरून' असा त्याचा आरंभ होई, आणि आम्ही गप्प बसू.

रात्री मंडळी जमली. दूध होते, ज्यांना हवे त्यांनी घेतले, मातोश्रींनीही घेतले. पाय मध्यभागी ठेवला होता. आम्ही पहिला तुकडा कापून कन्येच्या बशीत घातला. ती काही विचारण्याआधीच म्हणालो, "यात काही नाही. म्हणजे, तुला चालणार नाही असं काही नाही."

तिने कडेचा भाग आधी तोडला. त्याचे पदर बशीत सुटले. घास घेऊन ती क्षणभर थांबली, मग आजीकडे वळून तिने आजीच्या डोक्याजवळ नाक नेले.

"आजी, याला तुझ्या केसांचा वास येतोय!"

सगळे हसले. मातोश्री सर्वांत अधिक. त्या हास्यात आम्हांला धीर आला, आणि आम्ही तिच्या शेजारी सरकून हळू आवाजात म्हणालो, "गेल्या वर्षी मी जे बोललो, ते—"

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हीही घ्या ना. गार होतोय." आणि तिने आपल्या बशीतला अर्धा तुकडा आमच्या बशीत सरकवला.

पुढचे तीन दिवस ती आजीपाशी बसून करंज्यांची, म्हशीची, खोताच्या घरच्या पदरांची हकीकत ऐकत होती. आमच्या टिपणाची प्रत तिने करून घेतली. मापे तिने दोनदा तपासली, पाण्याच्या मापाशी "बेताबेताने म्हणजे किती?" असा आक्षेपही नोंदविला. निघताना मातोश्रींनी खोबरेलाची उरलेली बरणी तिच्या पिशवीत घातली. गाडी वळणापलीकडे गेल्यावर आमच्या ध्यानी आले की एक गोष्ट सांगावयाची राहिली. बंगळूरची हवा शिमल्याची नव्हे. तिथे ते तेल दुपारी पातळ होणार आणि साटा थांबणार नाही. बरणी थोडा वेळ शीतकपाटात ठेवावी लागेल, पण रात्रभर मात्र नव्हे. हे सौभाग्यवतींना नीट समजावून सांगता येण्यासारखे नाही. या रविवारी फोन आम्हीच केला पाहिजे.